फॉर्म सोळा आणि एक छोटासा बाण

जुलै महिन्यात सीएच्या ऑफिसात मेल कोणी वाचत नाही, उपसतात. ३१ जुलै ही रिटर्नची नेहमीची मुदत डोक्यावर असते. पगारदारांचे फॉर्म सोळा, बँकेची स्टेटमेंटं, भाड्याच्या पावत्या असं सगळं मेलनं येऊन पडतं आणि आर्टिकलशिप करणारी मुलं ते उतरवून ज्याच्या त्याच्या फोल्डरात टाकत राहतात. सदाशिव पेठेतल्या अशा एका ऑफिसात माझे कागद घेऊन बसलो होतो. तेवढ्यात एका मुलीनं माऊसवरचा हात काढला आणि शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, "हे उघडू का रे?"

मेल एका जुन्या क्लायंट कंपनीच्या अकाउंट्स विभागाचा होता. खाली गेल्या वर्षीचा खराखुरा पत्रव्यवहार, आणि त्यालाच उत्तर म्हणून हे दोन ओळींचं पत्र: सुधारित फॉर्म सोळा सोबत जोडला आहे, आजच बघावा. सोबत एक झिप आणि पत्रातच तिचा पासवर्ड. झिप तिनं उघडली होती. आत लाल पीडीएफच्या चिन्हाची एकच फाईल. ती कंपनी दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याचा फॉर्म वेगळा पाठवते, नाव पॅन नंबराचं. एवढ्यावरून ती अडली होती.

पुढचा बराच वेळ ती नुसती बसून होती. सर आत क्लायंटबरोबर. कंपनीला फोन करायचा तर सिनियरला विचारून. सिनियर म्हणाला, "अगं, रोजचे आहेत ते, उघड." तरी तिनं उघडली नाही, ऑफिसची एएमसी असलेल्या हार्डवेअरवाल्या दादांना फोन लावला. व्हायरसवरच्या लेखांत अँटिव्हायरसची नावं असतात. या अवघडलेल्या अर्ध्या तासाबद्दल कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते सगळा प्रकार तिथेच ठरतो.

दादा पन्नाशीचे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडण्यापासून त्यांनी सुरुवात केलेली. आल्या आल्या मशीनला हात लावण्याआधी त्यांनी मागची नेटची वायर काढली. मुलगी बटण दाबून बंद करायला निघाली होती, तिला थांबवलं. "बंद नको करू. काही चालू झालं असेल तर मेमरीत सापडेल. बंद केलंस की ते गेलं." मग स्वतःच्या लॅपटॉपवर त्यांनी एक व्हर्च्युअल मशीन उघडलं. हे विंडोजच्या आत चालणारं दुसरं विंडोज, बिघडलं तर एका क्लिकवर पूर्वस्थितीला आणता येतं. मेल त्यात घेतला, झिप बाहेर काढली, तिथलंही नेट तोडलं.

फाईलवर त्यांनी डबल क्लिक केलंच नाही. फोल्डरची तपशीलवार यादी लावली आणि 'टाईप' या रकान्यावर बोट ठेवलं. पीडीएफ असायला हवं तिथं 'शॉर्टकट' लिहिलं होतं. चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक बाण होता. राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. 'टार्गेट'च्या चौकटीत पॉवरशेलची एक लांबलचक आज्ञा: खिडकी न दाखवता चालू हो, अमुक पत्त्यावरून फाईल उतरव, चालव. ही ओळ त्यांनी डाव्या-उजव्या बाणांच्या कळा दाबत शेवटपर्यंत वाचली, जुन्या दस्तातला मजकूर वाचावा तशी.

"पण दादा, मी एक्स्टेन्शन दिसायचं सेटिंग चालू केलंय की," मुलगी म्हणाली. केलं होतंच, पण शॉर्टकटचं डॉट एलएनके हे शेपूट विंडोज ते सेटिंग चालू असतानाही लपवतं. म्हणून रकाना बघायचा आणि बाण बघायचा.

शेपूट लपण्याचा हा फायदा फार जुना आहे. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' हा वर्म ज्या फाईलमधून जगभर गेला, तिचं नाव टीएक्सटीनं संपल्यासारखं दिसे. खरं शेपूट होतं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम, आणि विंडोज ते दाखवत नसे. उघडणाऱ्याच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर तो स्वतःला पाठवी. त्यामुळे प्रत्येकाला प्रेमपत्र यायचं ते ओळखीच्या माणसाकडून. त्याच्याआधी, मार्च १९९९मध्ये, मेलिसा हा वर्डच्या मॅक्रोत दडलेला व्हायरस पहिल्या ५० पत्त्यांवर जायचा. ओळखीवर डाव लावणं तेव्हाही तेच. विंडोज ११ नवीन घेतलं तरी एक्स्टेन्शन लपलेलीच येतात, याचा मला राग येतो.

मॅक्रोंची वाट बरीचशी बंद झाली ती २०२२मध्ये. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं आपोआप अडवायला सुरुवात केली, तसे व्हायरस पाठवणारे लोक शॉर्टकट, डिस्क इमेज, वननोटच्या फाईली असल्या वाटांकडे वळले. पासवर्डची झिपही त्यातलीच. आपल्याकडे बँकेचं स्टेटमेंट कुलूपबंदच येतं, त्यामुळे पासवर्ड दिसला की आपल्याला उलट विश्वास वाटतो. पण बँक पासवर्ड त्याच मेलमध्ये छापत नाही. जन्मतारीख, पॅन असं तुम्हाला ठाऊक असलेलं काहीतरी वापरायला सांगते. इथं किल्ली कुलपालाच बांधलेली होती. हे कुलूप वाचणाऱ्यासाठी नव्हतंच, झिपच्या आत डोकावू पाहणाऱ्या मेल सर्व्हरच्या स्कॅनरसाठी होतं.

फाईल काय आहे हे बघायला सिनियरनं ती व्हायरसटोटल या फाईली तपासणाऱ्या साइटवर टाकायचं सुचवलं. दादांनी नाही म्हटलं. तिथं चढवलेली फाईल पैसे भरणाऱ्या सभासदांना उतरवता येते. उद्या सवयीनं कोणी क्लायंटचा खरा ताळेबंद चढवला तर? त्यांनी फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढला, चौसष्ट अक्षरांचा, आणि तेवढाच तिथं शोधला. काही सापडलं नाही. "नाही सापडलं म्हणजे चांगली असं नाही," ते म्हणाले. "नवी आहे, एवढंच."

मग मेलचं हेडर. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वर चढवतो, म्हणून ते खालून वर वाचायचं. आणि खालच्या ओळी बनावट असू शकतात, आपल्या सर्व्हरनं लिहिलेलीच खात्रीची. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्यांपुढे 'पास' होतं. सिनियरचा चेहरा उजळला. दादांचा पडला. पास म्हणजे मेल त्या कंपनीच्याच डोमेनवरून, तिच्याच परवानगीच्या सर्व्हरवरून निघाला. नावाची नक्कल नव्हती. कंपनीचं खातंच कोणाच्या तरी हातात होतं.

इतक्यात सर बाहेर आले. आयकर खात्याच्या नावानं येणाऱ्या मेलचं काय, त्यांनी विचारलं. तिथं तपासणं सोपं आहे. १ ऑक्टोबर २०१९पासून खात्याच्या नोटिशीवर डीआयएन नंबर असतो, तो पोर्टलवर स्वतः जाऊन टाकून बघता येतो. मेलमधल्या लिंकवरून मात्र जायचं नाही.

मशीनमध्ये काही शिरलं नव्हतं. तरी दादा उठेनात. सर्व्हरला कायमची लावून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क त्यांनी काढून टेबलावर ठेवली. रॅन्समवेअर आलं असतं तर जोडलेली डिस्कही त्यानं कुलूपबंद केली असती. आठवड्याला दोन डिस्क आलटून पालटून, एक कायम कपाटात, असं ठरलं. आणि बॅकअपमधून एका कंपनीचा टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरात काढून तो टॅलीत उघडतो का ते पाहिलं. उघडला. हे आजवर कोणी करून बघितलं नव्हतं.

कंपनीला फोन सरांनी मुलीलाच करायला लावला. पलीकडचा अकाउंटंट आधी म्हणाला, आम्ही असलं काही पाठवलेलं नाही, आणि आम्हाला कुणाची तक्रारही आलेली नाही. दादांनी फोन स्पीकरवर घेतला आणि दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, टू-स्टेप लावा, असं सांगून शेवटी आउटलुकचे 'रूल्स' उघडायला लावले. त्यात कोणी न बनवलेला एक रूल निघाला: फॉर्म सोळा हे शब्द असलेला येणारा मेल वाचलेला म्हणून खूण करून आरएसएस फीड्स या फोल्डरात हलव. ते फोल्डर त्या ऑफिसात कधी कोणी उघडलेलं नव्हतं. उघडल्यावर तो वाचायला लागला, एकाखाली एक, सकाळपासून आलेले: "हे आपणच पाठवलंय ना?", "फाईल उघडत नाहीये, परत पाठवा."