मृताचे कर्ज आणि वारसाचा हात

तेरावा आटोपतो न आटोपतो तोच सावकार दाराशी येतो आणि वडिलांच्या अंगठ्याची निशाणी असलेली, घडीवर विरलेली वचनचिठ्ठी पाहून वारस स्वतःच्या कमाईतून ती फेडण्यास निमूटपणे कबूल होतो, हे पाहताना जीव कळवळतो. कारण कायद्याने तसे बंधन त्याच्यावर घातलेलेच नाही. पितृऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानणाऱ्या शास्त्राला मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्यानेच हाती आलेल्या मिळकतीची मर्यादा घातली होती. ९ सप्टेंबर २००५ पासून काढलेल्या कर्जासाठी तर केवळ त्या कर्तव्याच्या आधारे हिंदू पुत्रावर दावाही चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेची ५० व ५२ ही कलमे वसुली मृताच्या मिळकतीपुरतीच ठेवतात.

म्हणून प्रथम मूळ दस्तऐवज मागावा आणि तारीख निरखून पाहावी. मागणी करताच देय असलेल्या वचनचिठ्ठीची मुदत तिच्या तारखेपासून तीन वर्षे असते. त्या मुदतीत सहीची लेखी कबुली किंवा लेखी नोंदलेला भरणा झाला असेल, तरच ती नव्याने मोजली जाते. सावकाराच्या खातेवहीतील नोंद एकटीच देणे शाबीत करू शकत नाही, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार कर्ज देतेवेळी परवाना नसलेल्या सावकारास हुकूमनामा मिळत नाही. गहाणाचे कर्ज मात्र निराळे. ते गहाण ठेवलेल्या मिळकतीवरच बसलेले असते. शोकाच्या भरात सावकाराने पुढे केलेल्या नव्या कागदावर सही करू नये, कारण मुदतबाह्य कर्जही लेखी वचनाने पुन्हा जिवंत होते.