शंभरातला नेमका कोणता?

२०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १,४३,७५९ नवे रुग्ण झाले, असा जागतिक कर्करोग नोंदींवर आधारलेला अंदाज आहे. म्हणजे दिवसाला ३९४ जण. पावणेचार मिनिटं पुरी व्हायच्या आत एक. साऱ्या जगाचा आकडा ३,८९,८४६. जगातल्या दर तीन रुग्णांमागे एकाहून जास्त आपला. त्याच वर्षी आपल्याकडे या आजाराने जवळपास ८० हजार माणसं गेली.

यातले कितीतरी कर्करोग आगाऊ खुणा दाखवतात. जिथे तंबाखूची गोळी धरायची सवय असते, नेमक्या त्याच जागी गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो. कापसाने पुसला तरी निघत नाही, दुखत नाही, म्हणून दाखवला जात नाही. कुणाला मखमलीसारखा लाल चट्टा येतो. सुपारी, गुटखा, खर्रा खाणाऱ्यांचा गाल आतून ताठ होतो, तिखट झोंबतं आणि तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी होतात.

अशा खुणा किती तोंडांत असतील? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणारे प्रौढ सुमारे २० कोटी निघाले. महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळपास एक. या २० कोटींपैकी शंभरातल्या फक्त पाच जणांच्या तोंडात चट्टा आहे असं धरलं, तरी संख्या एक कोटीवर जाते.

या एक कोटींतला कर्करोगाकडे जाणारा कोण? २०२० साली जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर असं: सगळे प्रकार मिळून शंभरात सुमारे आठ. लायकेन प्लेनस या तोंडाच्या विकारात दीड टक्क्याच्या आत, ताठ होणाऱ्या गालात पाचेक टक्के, पांढऱ्या चट्ट्यात नऊ-दहा आणि लाल चट्ट्यात तब्बल ३३. चट्टा दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असेल, तर धोका वाढतो. आणि ज्याने कधी तंबाखूला हात लावला नाही, त्याचा पांढरा चट्टा जास्त संशयाने पाहावा लागतो.

तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तरी सौम्य बदलाच्या दोन चट्ट्यांचं भवितव्य वेगळं निघू शकतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २९६ रुग्णांच्या अशा चट्ट्यांमधली गुणसूत्रं तपासली गेली. तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राचे ठरावीक भाग आणि आणखी दोन ठिकाणं शाबूत आहेत की गळाली, यावरून तीन गट पाडले. २०१२ साली निष्कर्ष छापून आले: पाच वर्षांत पहिल्या गटात ३.१ टक्के, दुसऱ्यात १६.३ आणि तिसऱ्यात ६३.१ टक्के चट्टे कर्करोगाच्या दिशेने पुढे सरकले. पहिल्या आणि तिसऱ्या गटात वीस पटींचं अंतर!

मग ही तपासणी सरसकट का होत नाही? एक अडचण जीवशास्त्राची. २०२५ मध्ये १,०४२ जणांच्या गालाच्या आतून पुसून घेतलेल्या पेशींत कर्करोगाला हातभार लावू शकणारे ६२ हजारांहून अधिक जनुकीय बदल सापडले. म्हणजे बिघाड निरोगी तोंडातही मुबलक असतो. बिघाड सापडला म्हणून कर्करोग ठरला, असं होत नाही.

दुसरी अडचण शुद्ध हिशेबाची. समजा, हजार चट्ट्यांपैकी ५० कर्करोगाकडे जाणार आहेत आणि आपल्याकडची चाचणी दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरते. ती ५० पैकी ४५ जणांना पकडेल, पाच निसटतील. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांनाही ती धोक्याच्या यादीत टाकेल. यादी झाली १४० जणांची, त्यातल्या दोन तृतीयांशांची भीती अनाठायी. हाच हिशेब एक कोटींना लावला, तर विनाकारण धास्तावलेले साडेनऊ लाख होतात आणि निसटलेले ५० हजार.

म्हणून चाचणीचं खरं काम रांग लावण्याचं: आधी कुणाला बोलवायचं, कुणाचा चट्टा काढायचा, कुणाला सहा महिन्यांनी पाहायचं. चाचणी येईपर्यंत हात बांधून बसायचंही कारण नाही. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १ लाख ९२ हजार लोकांचा अभ्यास केला. निम्म्या लोकांची तोंडं प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. १५ वर्षांनंतरच्या हिशेबातही घट २४ टक्के होती.

भाकीत करण्याइतकी माहिती मुळात जमते ती लोकांना सोडून न दिल्याने. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं डॉ. फली मेहता यांच्या गटाने तपासली, तो अहवाल १९७२ चा. केरळात एर्नाकुलमला ताठ गालाच्या ६६ जणांवर १७ वर्षं नजर ठेवली. पाच जणांना कर्करोग झाला. ते पाच कोण, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं. तंबाखू-सुपारी सोडणं प्रत्येकाच्या हातात आहे, आणि चट्टा दिसलेल्या प्रत्येकाला पुढच्या तपासणीची तारीख देणं व्यवस्थेच्या. एक कोटी तारखा हा आकडा मोठा वाटतो, पण त्या पाळल्याशिवाय शंभरातले ते आठ वेळेवर सापडणार नाहीत.