नांगर कुठे टाकायचा?

आज आपण इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या ईशान्य टोकाला शिडाच्या बोटीने फिरणार आहोत. पालाऊ बंदरातून निघालो की समोरच ला माद्दालेना द्वीपसमूह लागतो. त्याच्या उत्तरेला कॉर्सिका. सार्डिनिया आणि कॉर्सिका यांच्यामधली सामुद्रधुनी जेमतेम ११ किलोमीटर रुंद आहे. वायव्येकडून येणारा मिस्त्राल वारा या चिंचोळ्या वाटेत शिरला की आणखी जोर धरतो. त्यामुळे इथे सकाळचा पहिला प्रश्न ‘काय बघायचं?’ हा नसतो, ‘आज आडोसा कुठे मिळेल?’ हा असतो.

आडोसा मिळाला की बघायला खूप आहे. वाऱ्यापाण्याने झिजून चित्रविचित्र आकार घेतलेले ग्रॅनाइटचे खडक, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. काप्रेरा बेटावर गॅरिबाल्डीचं घर आहे. १८८२ साली तो तिथेच वारला आणि त्याची समाधीही तिथेच आहे.

आता जेवायला बसू. ताटात पहिल्यांदा येते ‘पाने काराझाऊ’, पापडासारखी पातळ, कडक भाकरी. सोबत मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज. मग ‘सुप्पा गाल्लुरेझे’, म्हणजे रश्शात भिजवलेल्या पावाचे आणि चीजचे थर लावून भट्टीत भाजलेला पदार्थ. शेवटी ‘सेआदास’, म्हणजे चीज भरून तळलेली पुरी, वर मध.

काही लक्षात आलं? आपण बसलोय समुद्रकाठी आणि खातोय मेंढपाळांचं जेवण! ती भाकरी कडक असते, कारण कळपामागे बाहेर राहणाऱ्या मेंढपाळाला ती दिवसेंदिवस टिकायला हवी असायची. मासेमारीची गावं होती, नाही असं नाही. पण समुद्रातून हल्लेखोर येत आणि किनाऱ्याच्या दलदलीत मलेरिया असे, म्हणून बरीचशी वस्ती आत, डोंगराकडे सरकली. मलेरियाविरुद्धची मोठी मोहीम झाली १९४६ ते १९५० मध्ये. त्यानंतर १९६० च्या दशकात जवळच कोस्ता स्मेराल्दा हा पर्यटन किनारा उभा राहिला. शतकानुशतकं माणसांनी टाळलेल्या किनाऱ्यावर बोटींची रांग लागली.

आणि इथेच नांगराचा प्रश्न येतो. पाण्याखाली पोसिडोनिया नावाची वनस्पती असते. ती शेवाळ नव्हे. तिला मुळं, पानं, फुलं, सगळं असतं. ती वाळू धरून ठेवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. पण ती पसरते वर्षाला काही सेंटिमीटरच. नांगराच्या साखळीने एका रात्रीत उपटलेला पट्टा भरून यायला पुष्कळ वर्षं लागतात.

बुदेल्ली बेटावरची गुलाबी वाळू याच गवतातून येते. त्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या लालसर कवचांचा तो चुरा. लोकांनी ती वाळू आठवण म्हणून इतकी उचलून नेली की १९९० च्या दशकात तिथे उतरायलाच बंदी आली. आता ती लांबून बघायची.

म्हणून बोटीतून खाली बघताना एवढं ध्यानात ठेवायचं: फिकट दिसते ती वाळू, गडद दिसतं ते गवत. नांगर टाकायचा तो फिकट जागी, नाहीतर बोट सरळ बोयाला बांधायची. मेंढपाळ कुरण राखतो ना, तसंच हेही एक कुरण आहे.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.