पाळी जाण्याचा काळ : भूक आणि वजन

पंचेचाळिशीच्या आसपास स्त्रीच्या शरीरात जे बदल घडून येतात, त्यांविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही. कुणाचे कमरेचे माप वाढते आणि जुने पोलके होईनासे होते. कुणाची जेवणावरची वासना उडते आणि हातातील बांगड्या सैल होतात. दोन्ही प्रसंगी घरची मंडळी एकच निदान करतात : "वयच आहे ते. पाळी जायची वेळ आली की असे व्हायचेच." हे निदान निम्मेच खरे आहे. वाढत्या वजनाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु भूक मंदावून वजन घटू लागले असेल, तर केवळ वयावर बोट ठेवून स्वस्थ बसणे धोक्याचे असते. हा फरक प्रत्येक घरात माहीत असणे आवश्यक आहे.

रजोनिवृत्तीचा काळ

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यास गरोदरपण, आजार वा औषध असे दुसरे कारण नसले, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे सर्वसाधारणपणे ४६-४७ व्या वर्षी घडते; पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या सुमारास आहे. मात्र पाळी एका दिवसात थांबत नाही. त्याआधीची काही वर्षे ती कधी लवकर, कधी उशिरा, कधी अल्प तर कधी अतिशय जास्त प्रमाणात येते. बीजांडकोशातून स्रवणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके या काळात एकसारखी राहत नाहीत. त्यांचे प्रमाण चढत-उतरत अखेर घटते. अंगातून वाफा आल्यासारखे वाटणे, रात्री घाम सुटणे, झोपमोड होणे, मन चिडचिडे होणे ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. हा आजार नव्हे. निसर्गक्रमातील ती एक अवस्था होय.

वजन का वाढते?

इस्ट्रोजेन पुरेसे असते तोवर स्त्रीच्या शरीरातील मेद प्रामुख्याने नितंब व मांड्यांवर साठतो. ते घटू लागले की तोच मेद पोटावर जमू लागतो. म्हणूनच वजनाचा काटा फारसा न हलताही कंबर रुंदावल्याचे अनेकींच्या प्रत्ययास येते. याच्या जोडीला वयोमानाने स्नायू कमी होत जातात. स्नायू हे शरीरातील इंधन जाळणारे मोठे यंत्र असल्याने ते घटले म्हणजे पूर्वीइतक्याच जेवणातील काही भाग शिल्लक राहतो व त्याचा मेद बनतो. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी गोड व तळलेले खाण्याची इच्छा बळावते. मुले मोठी झाल्याने आणि घरात गॅस, मिक्सर, नळाचे पाणी आल्याने शरीरश्रमही घटलेले असतात.

अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, मध्यम वयातील स्त्रियांचे वजन वर्षाला सरासरी अर्धा ते पाऊण किलोने वाढत असल्याचे आढळले. तेव्हा वर्षाकाठी अर्धा किलो वाढ झाली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तिच्याकडे दुर्लक्षही करू नये, कारण पोटावरील मेदाचा मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांच्याशी निकटचा संबंध आहे. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांच्या, आत असावा असे तज्ज्ञ सांगतात. शिंप्याची टेप घरी असेल, तर ही तपासणी करायला दवाखान्यात जावे लागत नाही.

भूक का मंदावते?

संप्रेरकांच्या चढउतारांमुळे पोट फुगणे, मळमळणे, जेवण नकोसे होणे असे प्रकार अधूनमधून होऊ शकतात. पण ते येऊन-जाऊन असतात. अरुची आठवडेच्या आठवडे टिकली, तर तिचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. अशी काही कारणे पुढे दिली आहेत.

पहिले कारण रक्तक्षयाचे. पाळी जाण्याच्या काळात अनेकींना अतिरक्तस्राव होतो. तो महिनोन् महिने अंगावर काढला की रक्त कमी होते. थकवा येतो, धाप लागते आणि भूक मरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के, तर गोव्यातील ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. त्याच पाहणीत गोव्यातील सुमारे ३६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचेही दिसले. अर्थात अंगाने भरलेली बाई सशक्तच असते, हा समज खरा नव्हे.

दुसरे कारण गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे. तिचे कार्य मंदावले तर भूक कमी होऊनही वजन वाढते. ते अति वाढले तर चांगले खाऊनही वजन घटते, छातीत धडधडते व हात कापतात. मधुमेहातही खाल्लेले अंगी लागत नाही. तहान वाढते व लघवीस वारंवार जावे लागते. क्षयरोगात दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळी बारीक ताप, अरुची व वजनातील घट ही लक्षणे दिसतात.

मनाचे कारणही तितकेच खरे आहे. मुली सासरी गेलेल्या, मुलगा नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी, सासूसासऱ्यांचे आजारपण डोक्यावर, अशा वेळी काही स्त्रियांचे मन खचते. अन्न गोड लागत नाही, पहाटे लवकर जाग येते, कशातच रस वाटत नाही. हे नखरे नव्हेत. हा उपचाराने बरा होणारा विकार आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अशा वेळी विनामूल्य सल्ला मिळतो.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून सांगणे प्राप्त आहे. पाळी अनियमित झाली तरी गर्भधारणेची शक्यता संपलेली नसते. पाळी चुकली, मळमळते आणि जेवण जात नाही, म्हणजे पाळी गेलीच असे गृहीत न धरता आधी लघवीची तपासणी करून घ्यावी. शेवटची पाळी पन्नाशीपूर्वी आली असल्यास पुढे दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आली असल्यास एक वर्ष संततिप्रतिबंधक साधनांचा वापर चालू ठेवावा, असा वैद्यकीय सल्ला आहे.

केव्हा विलंब करू नये?

काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा पाचने घटले, तर तपासणी अत्यावश्यक समजावी. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ही घट पावणेतीन किलोंची होते. तसेच दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, पोट सतत फुगलेले राहणे, स्तनात गाठ लागणे, गिळताना अडकणे, शौचातून रक्त जाणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास दिवस मोजत बसू नये. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, मग तो थेंबभर का असेना, तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. बीजांडकोशाच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशाच किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींनी होऊ शकते. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधेच निघते. पण ते तपासल्यावाचून कळत नाही.

त्यासाठी प्रथम जवळच्या उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिशीवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह तसेच तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या प्राथमिक तपासणीचा कार्यक्रम शासकीय आरोग्य यंत्रणेमार्फत राबविला जातो. पुढील तपासण्या व उपचारांसाठी म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्षयरोगाचे निदान व औषधोपचार शासनातर्फे विनामूल्य होतात.

आहार कसा असावा?

या वयात वजन वाढते म्हणून अनेक स्त्रिया एकदम जेवण तोडतात किंवा उपवासांची संख्या वाढवितात. त्यायोगे मेदाबरोबर स्नायूही झिजण्याचा संभव असतो. उपवासाच्या साबुदाण्यात पिष्टच अधिक, प्रथिने नाममात्र. तेव्हा जेवण तोडण्यापेक्षा त्याची मांडणी बदलावी. ताटातील भात मूठभर कमी करून त्या जागी कडधान्याची उसळ, डाळ, अंडे वा मासळी वाढवावी. तळलेल्या तुकडीपेक्षा हुमणातील मासळी बरी. वजनाच्या दर किलोमागे दररोज सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. ५५ किलोंच्या स्त्रीला ती साधारण ४५ ग्रॅम लागतात.

इस्ट्रोजेन घटल्याने हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून रजोनिवृत्तीनंतर दररोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे अशी शिफारस आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, तीळ आणि काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी यांतूनही ते मिळते.

जिला जेवणच जात नाही, तिने दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. नुसती पेज पिऊन राहू नये. तिच्याबरोबर चवळीची वा मुगाची उसळ घ्यावी. चहाने भूक मारू नये. विशेषतः लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये, कारण त्यामुळे लोहाचे शोषण कमी होते. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहार बदलावा. जाहिरातींतील वजन उतरविणारी चूर्णे आणि भूक वाढविणारी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आठवड्यातून एकूण अडीच तास झपझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम प्रौढांसाठी आवश्यक मानला जातो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठणे-बसणे हाही असा व्यायाम होय. घरकाम होते म्हणून व्यायाम झाला, असे समजू नये.

घराचे व गावाचे कर्तव्य

सर्वांना वाढून उरलेसुरले खाणारी स्त्री किती जेवते, हे घरात कुणी पाहतच नाही. म्हणून तिची भूक मेल्याचे कळते ते पुष्कळ उशिरा. कुटुंबाने एकत्र बसून जेवण्याची प्रथा पाडली, तर ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच ध्यानात येईल. महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गटांनी महिन्याच्या बैठकीत वजन करून नोंद ठेवण्याचा उपक्रम हाती घ्यावा. शिक्षकांनी पालकसभेत या विषयाला दहा मिनिटे द्यावीत. एका साध्या वहीत दर महिन्याला तीन नोंदी पुरेत : पाळीची तारीख, वजन आणि कमरेचा घेर. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली म्हणजे निदानाचे निम्मे काम सोपे होते, आणि "वयच आहे ते" हे उत्तर खरे की खोटे, याचाही निवाडा होतो.