पाण्याची पत

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट आम्ही सगळेच शिकलो. तिजोरीत रोकड कमी असण्यापेक्षा ती कमी असल्याची आवई अधिक घातक. खातेदारांची रांग एकदा रस्त्यावर आली, की दाराशी कितीही शिपाई उभे करा, बँक सावरत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहरावर २०१८ साली पाण्याच्या बाबतीत असाच प्रसंग गुदरला होता.

या शहराचा जन्मच मुळी पाण्यापोटी झाला. टेबल माउंटनवरून उतरणाऱ्या गोड्या ओढ्यांच्या आधाराने डचांनी १६५२ मध्ये इथे जहाजांसाठी ठाणे वसवले. अलीकडे, १९९५ ते २०१८ या काळात, वस्ती सुमारे २४ लाखांवरून ४३ लाखांवर गेली; धरणांची साठवण मात्र १५ टक्क्यांच्या आसपासच वाढली. त्यात २०१५ पासून सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला. नळ बंद करण्याचा दिवस, ‘डे झीरो’, एप्रिल २०१८ वर येऊन ठेपला. त्या दिवसाची योजनाही तयार होती : सुमारे दोनशे वाटपकेंद्रे, माणशी रोज २५ लिटर आणि रांगांवर पोलीस व लष्कराचा पहारा.

तो दिवस आलाच नाही. महापालिकेने माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, दर चढवले, नळांचा दाब उतरवला. शेतकऱ्यांच्या एका संघाने आपले पाणी शहरासाठी सोडले. मुख्य म्हणजे, धरणांत किती उरले आणि रोज किती खर्च झाले, हा हिशेब लोकांपुढे उघडा ठेवला गेला. २०१५ मध्ये दिवसाला १२० कोटी लिटर वापरणारे शहर निम्म्याच्या खाली आले. पुढे पाऊसही परतला. पहाऱ्याची वेळ आली नाही.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच राहील. झोपडवस्त्यांतली माणसे सार्वजनिक नळावर बादल्या घेऊन आधीपासूनच उभी होती. शहराच्या पाण्यातला त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांचा. ज्या रांगेच्या नुसत्या कल्पनेने सुखवस्तू घरे हादरली, ती रांग यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होती. त्यांच्या ‘डे झीरो’ची तारीख कोणी जाहीर केली नव्हती.

केप टाऊनचा ताळेबंद त्या वर्षी जुळला, हे खरेच. पण ज्यांचे खातेच कधी धड उघडले गेले नाही, त्यांची नोंद कोणत्या रकान्यात करायची?