बॅटरी बघून मशीन घ्या

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या स्वयंपाकघरातील कपाटांचे काम निघाले होते. सुतारमिस्त्री ओळखीचे आणि कामाला चोख. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे नवेकोरे बिनवायरचे ड्रिल मशीन बिजागरीचा स्क्रू अर्ध्यात ठेवून थांबले. बॅटरी चार्जरला लावली, हिरवा दिवा लागला, पुन्हा चार-पाच स्क्रू झाले आणि पुन्हा तेच. मशीन घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. दुकानदाराने पक्के बिल दिले नव्हते. खोक्यावर ज्या कंपनीचे नाव होते, तिचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नव्हते.

''साहेब, अठ्ठेचाळीस व्होल्टचं म्हणून घेतलं होतं,'' मिस्त्री म्हणाले. ''मोठ्या कंपनीचं नुसतं अठराचं, आणि भाव दुप्पट.'' उरलेले स्क्रू त्यांनी हाताने पेचकस फिरवून बसवले. काम उक्ते ठरले होते, त्यामुळे वाढलेला एक दिवस त्यांच्याच खिशातून गेला.

त्या अठ्ठेचाळीस व्होल्टचे गौडबंगाल आधी उलगडू या. बॅटरीचा डबा उघडला तर आत बोटभर लांबीचे गोल सेल दिसतात. त्यांचे सर्वांत प्रचलित माप १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. अशा एका लिथियम-आयन सेलचा दाब सर्वसाधारणपणे ३.६ व्होल्ट असतो, काठोकाठ भरल्यावर ४.२. पाच सेल एकापुढे एक जोडले की झाले १८ व्होल्ट. तेच भरलेल्या अवस्थेत मोजले तर २१. म्हणजे डब्यावर १८ लिहा, २० लिहा की २१, वस्तू तीच. डिवॉल्ट कंपनी अमेरिकेत ज्यावर '२० व्होल्ट मॅक्स' छापते, ते युरोपात १८ व्होल्टचे म्हणून विकले जाते. इथवर ही नुसती मोजण्याची तऱ्हा झाली. पण ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे आणि त्यापुढे 'व्हीएफ' अशी अक्षरे छापलेली स्वस्त मशिने बाजारात असतात, त्यांतला हा आकडा व्होल्टचा नसतोच. ते ओळखायचे कसे? खोके बाजूला ठेवा आणि चार्जरच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचा. 'आउटपुट' या शब्दापुढे २१ व्होल्ट असेल, तर आत ओळीने पाचच सेल आहेत. मिस्त्रींच्या चार्जरवर २१ होते.

दुसरा आकडा अँपिअर-अवरचा. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब धरला, तर अँपिअर-अवर म्हणजे टाकीत पाणी किती ते. दोहोंचा गुणाकार केला की खरा साठा कळतो: १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, आणि ४ अँपिअर-अवर असेल तर ७२. दोन मशिनांची तुलना करायची ती या गुणाकाराने.

याही आकड्यात लबाडी चालते. विशेषतः नामांकित कंपनीच्या मशीनमध्ये 'फिट बसणारी' म्हणून ज्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात, त्यांच्यावर ६ किंवा ९ अँपिअर-अवर असे बिनदिक्कत छापलेले असते. १८६५० मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन अँपिअर-अवर मावतात. त्यामुळे असे पाच सेल असलेल्या डब्यात साडेतीनच, आणि दहा सेलच्या जोडओळीत फार तर सात. उघडून पाहणे शक्य नसते, पण वजन करता येते. असा एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. दहा सेलची बॅटरी आवरणासकट सहाशे ग्रॅमच्या घरात जाते, पाचची साडेतीनशेच्या. तेव्हा ६ अँपिअर-अवर लिहिलेली बॅटरी वाण्याच्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरली, तर काय समजायचे ते समजा. अशा डब्यांत सेलवर नजर ठेवणारे सर्किटही पुष्कळदा धड नसते. मग एखादा सेल बाकीच्यांच्या आधी मरतो आणि चार चांगल्या सेलना घेऊन बुडतो. आमच्या मिस्त्रींच्या बॅटरीचे बहुधा हेच झाले असावे.

बिनवायरचे मशीन घेताना खरे पैसे बॅटरी आणि चार्जर यांतच जातात. म्हणून पहिले मशीन निवडताना पुढच्या तिन्ही-चारही मशिनांचा विचार करावा लागतो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या खाचेत बसत नाही. बॉशचे तर निळे मशीन आणि हिरवे मशीन अशी दोन घराणी आहेत. निळे कारागिरांसाठी, हिरवे घरगुती हौशी माणसासाठी. आणि एकाची १८ व्होल्टची बॅटरी दुसऱ्यात चालत नाही. याउलट मकिताने २००५ साली १८ व्होल्टची जी मालिका आणली, ती आजही चालू आहे. बॉशच्या निळ्या मशिनांचे २००८ पासून तसेच आहे. दहा वर्षांनी बॅटरी मिळेल का, या प्रश्नाला असा इतिहास हेच त्यातल्या त्यात भरवशाचे उत्तर. नवे मशीन पुढे घ्यावे लागले, तर बॅटरीशिवाय नुसते मशीनही मिळते आणि तिथे चांगली बचत होते.

आता मोठेच मशीन हवे का? वायरमन दिवसभर हात वर करून स्विचबोर्ड बसवतो, फर्निचरवाला बिजागऱ्या आणि चॅनेल लावतो. या कामांना तीन सेलचे, १०.८ किंवा १२ व्होल्ट लिहिलेले छोटे मशीन पुरते, असे माझे मत आहे. ते हलके असते आणि संध्याकाळी खांदा शाबूत राहतो. आरसीसीच्या कॉलममध्ये रोज भोके पाडायची असतील, तर गोष्ट वेगळी. साध्या ड्रिलमधली 'हॅमर' सोय ही नुसती दात्यांवरची खडखड असते. विटेच्या भिंतीत गिट्टी बसवण्यापुरती ती ठीक. काँक्रीटला पिस्टनचा ठोका देणारे रोटरी हॅमरच लागते, आणि बजेट तुटपुंजे असेल तर ते खुशाल वायरचे घ्या. टाइल्सचे कटर आणि ग्राइंडरही तसेच. ही मशिने बॅटरी गटागटा पितात.

ब्रशलेस मोटर घ्यावी का, असेही विचारतात. परवडली तर जरूर घ्यावी, एका चार्जमध्ये काम जास्त होते. पण कार्बनवाली मोटर काही वाईट नव्हे. कार्बन झिजले तर थोडक्या पैशांत बदलता येतात, फक्त ते मिळतात का हे आधी विचारून ठेवा.

पुण्याची बोहरी आळी असो की मुंबईची नागदेवी स्ट्रीट, दुकानात मशीन हातात घेऊन चालवून पाहायला संकोचू नका. चकमध्ये लांब बिट लावून फिरवा आणि टोकाकडे पाहा; टोक भोवऱ्यासारखे डोलत असेल, तर मशीन परत ठेवा. जुन्या बाजारातले वापरलेले मशीन एक वेळ चालेल, वापरलेली बॅटरी मात्र नको.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, हा समज निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला ते सोसत नाही. मशीनचा जोर कमी झाला की बॅटरी काढा, गार होऊ द्या आणि मग चार्जरला लावा. कंपन्यांच्या पुस्तिकांत चार्जिंगसाठी साधारण ४० अंशांपर्यंतचीच मुभा असते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य हातांनी कमी करणे. काम बंद असेल तेव्हा ती अर्धी भरलेली ठेवावी.

आमच्या मिस्त्रींनी संक्रांतीनंतर बारा व्होल्टचे, दोन बॅटऱ्यांचे मशीन घेतले. या वेळी मला बरोबर नेले होते. बिल मागितले तेव्हा दुकानदाराने आधी थोडे कुरकुरत, मग मशीनचा नंबर घालून लिहून दिले. मशीनची आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळ्या मुदतीची निघाली, तीही त्याच्याकडून बिलावर लिहून घेतली. बिल गुळगुळीत कागदावर छापलेले होते. ती अक्षरे काही महिन्यांत उडतात, म्हणून दुकानाच्या पायरीवरच मिस्त्रींनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मुलाला पाठवून दिला.