गंजाची खोड आणि जवसाची करामत

सोयाबीनचं रान खुरपून झालं की लातूरकडच्या शेतातलं एखादं खुरपं हातात घेऊन बघा. पात्याला काळीभोर माती घट्ट बसलेली असते. ही माती वरून वाळलेली दिसली, तरी आत ओल धरून ठेवते. खुरपं तसंच कोपऱ्यात टाकलं, तर थोड्याच दिवसांत मातीखाली तांबूस डाग उमटतात. आला गंज!

गंजाला दोन गोष्टी लागतात: पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. एक जरी नसेल तर त्याचं काही चालत नाही. पटत नाही? दोन बरण्यांत एकेक साधा, घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा टाका. एकीत नळाचं पाणी भरा. दुसरीत मोठ्यांकडून खूप उकळून, झाकून गार केलेलं पाणी काठोकाठ ओता आणि वर तेलाचा थर सोडा. उकळताना पाण्यातली हवा निघून जाते, तेल नवी आत येऊ देत नाही. आठवडाभराने दोन्ही खिळे बाहेर काढा, मग बोला!

खंडेनवमीला विळा-कोयता पूजेला मांडायचा, तर आधी तो घासून-पुसून लख्ख करावा लागतो. नांदेडला सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात तर गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं जपलेली आहेत. गुरुजींचं निर्वाण नांदेडलाच १७०८ साली झालं. म्हणजे ती शस्त्रं तीनशे वर्षांहून जुनी! दिवाळीच्या सुमारास तिथे तख्तस्नान होतं, तेव्हा गोदावरीचं पाणी आणून ती स्वच्छ करतात.

धुतलेलं पातं लगेच कोरडं पुसून त्यावर तेलाचं बोट फिरवलं की ओल आणि हवा दोघींची वाट अडते. लाकडी दांड्याला मात्र जवसाचं तेल चोळावं. हो, चटणीतलंच जवस! हे तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि काही दिवसांत घट्ट होतं, दांड्यावर पातळ कवच चढतं. ज्या ऑक्सिजनमुळे लोखंड गंजतं, त्याच्याच मदतीने लाकूड जपलं जातं!

पण सांभाळून. ऑक्सिजन ओढताना हे तेल गरम होतं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला, तर आतली उष्णता साठत जाते आणि काडी न लावताही तो पेट घेऊ शकतो. म्हणून चिंधी मोठ्यांच्या हाती द्या, आणि ती बाहेर दोरीवर मोकळी पसरून वाळू द्या.